मूल एकदाच सांगतं

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेत मुलं सुरक्षित आहेत का, असा प्रश्न निघाला की आपल्याकडे लगेच कॅमेऱ्यांचा हिशेब सुरू होतो. गेटवर आहे का, जिन्यात आहे का, व्हॅनमध्ये आहे का. कॅमेरे जरूर असावेत. पण एखाद्या मुलाला कुणी त्रास दिला, नको तिथे हात लावला, तर ते मूल कधीतरी, कुणापाशी तरी अर्धंमुर्धं वाक्य बोलून बघतं. बहुतेक वेळा एकदाच. ते वाक्य ज्याच्या कानावर पडेल, त्याला पुढे काय करायचं हे ठाऊक असायला हवं. शाळांमधून मी याचंच प्रशिक्षण देते.

कायदा थोडक्यात सांगते. पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. अठरा वर्षांखालची मुलगी त्यात येते आणि मुलगाही येतो. मुलगाही, हे मुद्दाम दोनदा म्हणते, कारण 'मुलग्याला काय होतंय' म्हणणारे अजून घरोघरी भेटतात. असा गुन्हा घडल्याचं किंवा घडण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. शिक्षकाला, शिपायाला, तुम्हाला, मला. पुरावे शोधणं आपलं काम नाही, कळवणं आपलं काम आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं प्रकरण दडपलं, तर वर्षापर्यंत कैद आणि दंड. चांगल्या हेतूनं कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तरी कळवणाऱ्यावर बालंट येत नाही. शिवाय २०२० च्या नियमांनुसार शाळेनं शिकवणाऱ्या, न शिकवणाऱ्या आणि कंत्राटावरच्याही कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करायची, आणि त्यांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यायचं.

आता एक हकीकत सांगते. काही तपशील बदलले आहेत. मुलाची ओळख पटेल असं काही जाहीर करायला कायद्याची मनाई आहे, आणि मनाई नसती तरी मी केलं नसतं.

इंदूरच्या जुन्या वस्तीतली शाळा. शनिवारची दुपार. पुढच्या बाकांवर शिक्षक, ऑफिसातले बाबू, खेळाचे सर. एक मावशी चहाचा ट्रे घेऊन आल्या. शाळेतल्या आया. लहान मुलांना बाथरूमला नेणं, डबे उघडून देणं, शाळा सुटली की व्हॅनमध्ये बसवणं, सगळं त्यांच्याकडे. कप वाटून निघाल्या तशी मी म्हटलं, "मावशी, तुम्हीही बसा." कुणीतरी म्हणालं, "त्यांना कशाला मॅडम, कप धुवायचेत." म्हटलं, कप नंतर धुऊ. मावशी बसल्या, दारापाशी, रिकामा ट्रे मांडीवर घेऊन.

तासभर कुणीच प्रश्न विचारला नाही. शेवटी मावशींनी विचारलं, "पोरगं म्हणालं, कोणाला सांगू नका, आणि मी हो म्हणून बसले, तर?"

त्या दुपारचा हाच सगळ्यांत मोलाचा प्रश्न होता. मी म्हटलं, हो म्हणायचंच नाही. म्हणायचं, 'तू सांगितलंस ते चांगलं केलंस. तुला मदत व्हावी म्हणून मला हे एका मोठ्या माणसाला सांगावं लागेल.' मावशींनी ते माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. हिंदीत कसं म्हणायचं तेही विचारलं, कारण शाळेतली बरीच मुलं घरी हिंदी बोलणारी.

पुढे थंडीच्या दिवसांत त्यांच्या लक्षात आलं की एक लहान मुलगा शाळा सुटली की पाण्याच्या टाकीशी रेंगाळतो. बाटली भरायची, ओतायची, पुन्हा भरायची. बाकीची मुलं व्हॅनकडे पळायची. एके दिवशी मावशी त्याच्याजवळ बसल्या आणि पदरानं त्याचे भिजलेले बूट पुसायला लागल्या. मुलगा म्हणाला, "मुझे आगे वाली सीट पे नहीं बैठना." का, कधीपासून, काय झालं, मावशींनी काही विचारलं नाही. "ठीक है, आज नहीं बैठना," एवढंच म्हणाल्या. मग तो आणखी थोडं बोलला. ते इथे सांगण्यासारखं नाही. आणि शेवटी म्हणाला, "किसी को मत बताना."

मावशींनी हो म्हटलं नाही. "तूने बताया, अच्छा किया बेटा. अब मैं बड़ी मैडम को बताऊँगी, वो तेरी मदद करेंगी." मुलगा रडला, पण त्यांचा हात धरून राहिला.

व्हॅन त्याच्याशिवाय गेली. मावशींना लिहिण्याची सवय नाही. त्यांनी वर्गाच्या बाईंना मुलाचे शब्द जसेच्या तसे सांगितले. बाईंनी ते हिंदीतच, तारीख आणि वेळ घालून लिहिले, खाली दोघींनी सही केली. मुख्याध्यापक भला माणूस, पण घाबरले. म्हणाले, ड्रायव्हरला बोलावू, मुलाला समोर बसवू, काय ते एकदाचं कळेल. मावशी ऑफिसच्या दारातून हलल्या नाहीत. "सर, पोराला आता कोणी काही विचारायचं नाही. ट्रेनिंगमध्ये सांगितलंय. लिहिलंय तेवढं पुरे."

सरांनी आईला बोलावलं आणि पोलिसांना फोन लावला. संध्याकाळी एक महिला उपनिरीक्षक साध्या कपड्यांत मुलाच्या घरी आल्या. जबाब घेताना वर्दी नको, हे कायद्यातच आहे. पोलिसांनी चोवीस तासांत बाल कल्याण समितीलाही कळवायचं असतं, तसं कळवलं. पुढचं न्यायालयात आहे.

त्या दिवशी समोरासमोर बसवलं असतं तर? मूल त्या माणसाकडे बघून गप्प झालं असतं, किंवा 'काही नाही' म्हणालं असतं. आणि त्या माणसाला सावरायला वेळ मिळाला असता.

रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही, म्हणून पुन्हा सांगते. ऐकून घ्या, उलटतपासणी करू नका. गुपित ठेवण्याचा शब्द देऊ नका. मुलाचे शब्द त्याच्याच भाषेत लिहा, आपली भर घालू नका. आणि त्याच दिवशी कळवा. उद्या नाही, मीटिंग झाल्यावर नाही, त्याच दिवशी. १०९८ हा मुलांसाठीचा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे. जिवावर बेतण्यासारखं असेल तर ११२.

अशा प्रशिक्षणाला प्राचार्यांना हॉटेलात बोलवायचं, जेवण द्यायचं, प्रमाणपत्र द्यायचं, ही पद्धत मला मुळीच पटत नाही. व्हॅनचा ड्रायव्हर, आया, चौकीदार त्या खोलीत नसतील तर उपयोग काय? स्नेहसंमेलनाच्या मांडवावर, दिव्यांवर, डीजेवर शाळा किती खर्च करतात ते मी बघते. त्यातला थोडा पैसा या माणसांच्या एका दुपारच्या पगारी सुट्टीसाठी काढावा. आणि घरच्यांनाही एक सांगते. पाहुण्या काकांना पापा द्यायला मूल नाही म्हणालं, तर त्याला पुढे ढकलू नका. घरात ज्याचं 'नको' ऐकलं जात नाही, ते शाळेत 'नको' म्हणेल कसं?

एकदा प्रशिक्षण झालं की झालं, असंही नाही. आपलं इंदूर २०१७ पासून देशाच्या स्वच्छता सर्वेक्षणात वरचेवर पहिलं येतंय, ते एका भाषणानं नाही. कचऱ्याची गाडी रोज दारात आली, रोज तेच गाणं वाजलं, आणि ओला-सुका बालवाडीतल्या पोरांनाही पाठ झाला. शाळेतली माणसं बदलतात, ड्रायव्हर तर वर्षात दोनदा बदलतो. म्हणून दर सत्राच्या सुरुवातीला तेच पुन्हा, नव्या माणसांसकट.

जूनमध्ये शाळा पुन्हा भरतील. रामबागेत असा, लोकमान्य नगरात असा, सुदामा नगरात असा, पालकसभेला गेलात की फी आणि गणवेशाच्या आधी विचारा: व्हॅनच्या ड्रायव्हरची पोलीस पडताळणी झाली आहे का? आयांचं आणि ड्रायव्हरांचं प्रशिक्षण कधी झालं? मूल काही बोललं तर शाळेत कोणाला सांगायचं, त्या व्यक्तीचं नाव काय? तोंडी उत्तर मिळालं नाही तर अर्ज लिहा, पोच घ्या आणि चार पालकांच्या सह्या जोडा.

नमस्कार.