बैलघोड्यातली डॉक्टरीण

(परळ येथे पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

टॅक्सीवाल्याला ‘पशुवैद्यकीय महाविद्यालय’ म्हटलं तर तो मागे वळून बघतो. ‘बैलघोडा’ म्हटलं की मीटर टाकतो. कॉलेज 1886 सालचं, जनावरांचं इस्पितळ त्याच्याही आधीचं, आणि लोकांच्या तोंडी दोघांना मिळून नाव हे एकच. माझे वडील, अण्णा, लालबागला गिरणीत होते. 1982 च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच. मला इथे प्रवेश मिळाला तेव्हा त्यांनी चाळीत पेढे वाटले आणि प्रत्येक दारात सांगितलं, “पोरगी बैलघोड्यात लागली.” अर्ध्या चाळीला वाटलं, मला कारकुनी मिळाली.

अण्णा फुफ्फुसाच्या कॅन्सरने गेले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर. दवाखाना कोणता ते सोडा. वडील गेल्याची अशी वेगळी रजा तिथे नव्हती, आणि होत्या त्या सीएल केमोच्या फेऱ्यांत संपल्या होत्या. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणत होता, “तुझं एक बरं आहे, मुक्या जनावरांत मन रमेल.”

मुलांनो, हे कोणी म्हणालं तर ऐकून घ्या, पण विश्वास ठेवू नका. पिल्लं कुरवाळायला येणाऱ्याचं मन रमत असेल. आपल्या रजिस्टरमध्ये रोज मरण लिहिलेलं असतं. शिवाय जनावर तुमचं सुतक पाळत नाही. माणसांच्या डॉक्टरचं लक्ष उडालं तर पेशंट निदान “डॉक्टर, बरं नाही का?” असं विचारेल. मांजर चावतं. मला तिसऱ्याच दिवशी चावलं. साधी ड्रेसिंगची केस, मानेची पकड सैल पडली, अंगठ्याच्या मुळाशी दोन दात. नळाखाली साबणाने 15 मिनिटं हात धुतला. माझा रेबीजचा कोर्स आधी झालेला, त्यामुळे नंतर फक्त दोन डोस, शून्याव्या आणि तिसऱ्या दिवशी. पण मांजराच्या चाव्याची खरी भानगड वेगळीच. वरून टाचणीएवढं भोक दिसतं आणि घाण खोल आत जाते. दुसऱ्या दिवशी तळहात टम्म. अँटिबायोटिक घेत बसले आणि त्या निमित्ताने का होईना, चार दिवस घरी मिळाले. आईला सांगितलं, दारात हात सापडला.

खरी अडचण चाव्याची नव्हती. आजार वाढला तेव्हा एका रात्री अण्णा मला म्हणाले होते, “तुझ्या त्या कुत्र्यांना देतेस ना, तसलं एखादं दे की.” मी म्हटलं, “अण्णा, तुमचं वजन बघा, डोस परवडायचा नाही.” ते हसले, खोकला लागला, विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

तुम्ही जिथे शिकता तिथून केईएम रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्याच नर्स अरुणा शानबाग, हल्ल्यात मेंदूला इजा झाल्यावर, तिथेच 1973 पासून 2015 पर्यंत पडून होत्या. त्यांच्याच प्रकरणात 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने काटेकोर अटींवर उपचार थांबवायला वाट दिली, 2018 मध्ये घटनापीठाने ती रुंद केली. इंजेक्शन देऊन मरण आणणं मात्र माणसाच्या बाबतीत आजही गुन्हा आहे. आणि जनावराचे हाल संपवायची मुभा आपल्याला 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यापासून आहे. एकाच परळमध्ये हे दोन कायदे नांदतात. घरात अण्णांचा श्वास थांबून थांबून यायला लागला तेव्हा त्याचा अर्थ मला सगळ्यांच्या आधी कळला, कारण तसा श्वास मी टेबलावर शेकडो वेळा ऐकला होता. आणि माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं.

परत आल्यावर पहिली झोपवायची केस आली, पॅरालिसिस झालेला लॅब्रेडॉर. व्हेन सापडली, कॅन्युला बसला, सिरिंज भरली. पण हात पुढे जाईना. थरथरत नव्हता, नुसता जाईना. मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि सहकाऱ्याला हाक मारली. त्याने काहीएक न विचारता केस घेतली. संध्याकाळी मी त्याला स्पष्ट सांगितलं की लसी, टाके, ड्रेसिंग, नसबंदी, काहीही दे, झोपवायच्या केस महिनाभर तू कर. मला याची लाज वाटत होती. आता वाटत नाही. “मला जमत नाहीये” असं मोघम सांगितलं तर लोक तुम्हाला घरी पाठवतात. नेमकं काय जमत नाहीये ते सांगितलं तर बाकीचं काम तुमच्याकडे राहतं.

महिन्याचे दोन महिने झाले. मग एक आजोबा आले, चौदा वर्षांच्या पामेरियनला टॉवेलात गुंडाळून. किडन्या गेलेल्या, तोंडाला तो अमोनियाचा वास. सहकारी सुट्टीवर. आजोबांनी फॉर्मवर सही केली आणि विचारलं, “त्रास होईल का त्याला?” मी नेहमीचं सांगितलं: आधी गाढ झोप लागेल, मग हृदय थांबेल, नंतरही एखादा श्वास आल्यासारखा वाटेल, तो श्वास नव्हे. आणि डोळे उघडे राहतील. पापणी मिटायला स्नायूला जोर लावावा लागतो, तो सैल पडला की अर्धी उघडीच राहते. तुमच्याकडे बघतोय असं वाटेल, पण तो बघत नसेल.

हे मी वर्षानुवर्षं सांगत आले आहे. त्या दिवशी बोलता बोलता थांबले. अण्णांचे डोळे उघडे राहिले होते. आई सारखी हाताने मिटवत होती. शेजारच्या काकू म्हणाल्या, “काहीतरी इच्छा राहिली असेल.” आणि मी, सगळं माहीत असलेली डॉक्टरीण, गप्प उभी होते. तिथे कसं म्हणणार, कुत्र्यांचेही राहतात?

पामेरियनला मीच झोपवलं. हात गेला. का गेला ते मला सांगता येत नाही.

घरी आले तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसून पापणीचं, स्नायूचं सगळं सांगितलं, कुत्र्यांसकट. तिने ऐकून घेतलं. एक काडी मोडली.

“मग तेव्हाच सांगायचंस की गं,” म्हणाली. “दोन महिने मी विचार करतेय, यांना काय हवं होतं.”