सूर खाली का उतरला

नमस्कार श्रोतेहो.

घरात हार्मोनियम असेल, भजनी मंडळाची का असेना, तर आज ती जवळ घेऊन बसा. पांढरी पाच दाबा. मग तिच्या वरच्या सप्तकातली पांढरी पाच दाबा. आणि आता या दोघींच्या मधली काळी एक दाबून धरा. लगेच सोडू नका, भाता चालू राहू द्या.

खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि बरोबर मधोमध बसलेला तीव्र मध्यम. तीव्र मध्यम आपल्याला परका नाही. यमनात तो रोज भेटतो, पण तिथे त्याला पुढे पंचम असतो, मागे गंधार असतो, तो कुठे तरी विसावतो. इथे त्याला विसावाच दिलेला नाही. परत खालचा षड्ज, परत वरचा, परत तोच अधांतरी मध्यम. लय इतकी संथ की पुढचा सूर येईपर्यंत श्वास अडकतो. पावसाचा आवाज, ढगांचा गडगडाट, चर्चची घंटा आणि त्यामागून गिटारवर हे तीन सूर. १३ फेब्रुवारी १९७० या दिवशी ही रेकॉर्ड इंग्लंडमध्ये बाजारात आली. बँडचं नाव ब्लॅक सॅबथ, रेकॉर्डचं नाव तेच आणि या पहिल्या गाण्याचंही तेच. हेवी मेटल हा जड गिटारींचा रॉक संगीताचा प्रकार इथून सुरू झाला असं बहुतेक जाणकार मानतात. मीही मानतो.

हे गाणं मोठ्या आवाजात लावलं की आमच्या गल्लीतले एक काका दारात येऊन म्हणायचे, "हाई काय गानं शे रे भो?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मला आज जरा सविस्तर द्यायचंय, आणि ते जळगाव, धुळे, नंदुरबारच्या श्रोत्यांनाच द्यायचंय. कारण हे संगीत जिथून आलं ते गाव भुसावळच्या माणसाला ओळखीचं वाटेल. शिफ्टच्या वेळेवर चालणारं, कपड्यांना ऑइलचा वास असलेलं गाव. बर्मिंगहॅम शहर, त्यातली ॲस्टन नावाची कामगारवस्ती. गिटारवर टोनी आयोमी, बासवर गीझर बटलर, ड्रमवर बिल वॉर्ड आणि गायक ऑझी ऑस्बॉर्न. चौघंही ॲस्टनची पोरं, चौघांचा जन्म १९४८-४९ मधला. महायुद्धात बाँब पडून मोकळ्या झालेल्या जागांत ती खेळली. ऑझी शाळा सोडून कत्तलखान्यात कामाला होता. त्याआधी मोटारींच्या हॉर्नचा सूर तपासायचं काम त्याने केलं, तेही जिथे त्याची आई कामाला होती त्याच कारखान्यात.

पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आयोमीच्या हाताची आहे. ती मी सावकाश सांगणार आहे.

मी स्वतः काही वर्षं जळगावच्या एमआयडीसीत शीट मेटलचं काम केलंय. पॉवर प्रेस ज्यांनी चालवलाय त्यांना सांगायला नको. खाली डाय, वर पंच, मध्ये पत्रा. फ्लायव्हील फिरत असतं, पायडल दाबलं की रॅम खाली येतो, आणि जुन्या मशीनचा रॅम एकदा सुटला की अर्ध्यात थांबत नाही. आता दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय प्रेस चालत नाही अशी सोय असते, म्हणजे एकही हात आत राहत नाही. तरी आमच्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी मशीन दाखवायच्या आधी जुन्या कारागिरांचे हात दाखवत. कोणाचं पेर गेलेलं, कोणाचं अख्खं बोट.

१९६५ साल. आयोमी १७ वर्षांचा. कारखान्यातला त्याचा शेवटचा दिवस होता, कारण त्याला एका बँडबरोबर जर्मनीला जायचं होतं. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जायची त्याची इच्छा नव्हती. आई म्हणाली, काम अर्धवट सोडायचं नसतं, जाऊन पुरं करून ये. गेला. प्रेस चालवणारी बाई त्या दिवशी आली नव्हती, म्हणून याला तिच्या मशीनवर उभं केलं. मशीन पायडलवर चालणारं, याच्या सवयीचं नाही. उजवा हात आत सापडला. त्याने झटक्यात मागे ओढला आणि मधल्या बोटाची व अनामिकेची टोकं आतच राहिली.

आयोमी डावखुरा. म्हणजे उजवा हात हा त्याचा तारा दाबायचा हात. डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर.

मग कारखान्यातला एक वरिष्ठ त्याच्या घरी एक रेकॉर्ड घेऊन आला. जँगो राइनहार्ट नावाच्या गिटारवादकाची. ऐक म्हणाला. ऐकून झाल्यावर सांगितलं की आगीत होरपळल्यामुळे या माणसाच्या डाव्या हाताची दोन बोटं निकामी होती, आणि तू आत्ता ऐकलंस ते तो उरलेल्या बोटांनी वाजवतोय. त्या वरिष्ठाबद्दल मला फार आदर आहे. वर्कशॉपमध्ये अपघात झाल्यावर फळं घेऊन घरी जाणारे बघितलेत, पण पोराला पुन्हा उभं करेल अशी वस्तू शोधून नेणारा माणूस विरळा.

आयोमीने मग कारागिराने करावं तेच केलं. भांडी धुवायच्या साबणाची प्लॅस्टिकची बाटली वितळवली. त्याचा गोळा केला, तापवलेल्या लोखंडाने त्यात बोटापुरतं भोक पाडलं आणि सँडपेपरने घासत घासत त्याला बोटाच्या टोकाचा आकार दिला. प्लॅस्टिक तारेवरून घसरायला लागलं तेव्हा जुन्या जाकिटाचं चामडं कापून वर चिकटवलं. ही टोपणं घालून तो आयुष्यभर वाजवत राहिला. त्या बोटांना तार लागतच नाही. किती दाबायचं हे त्याला कानाने ठरवावं लागतं.

आता यातून आवाज कसा बदलला ते बघा. जाड तारा दाबवेनात, म्हणून त्याने बँजोच्या बारीक तारा गिटारवर चढवल्या, कारण गिटारच्या तशा हलक्या तारा तेव्हा तिकडे मिळत नव्हत्या. चार बोटं पसरून धरायचे अवघड कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, जमेनात, म्हणून षड्ज आणि पंचम एवढ्या दोनच सुरांवर भर दिला. गंधार नाही, कोमल नाही की शुद्ध नाही, त्यामुळे तो आवाज सुखाचाही नाही आणि दुःखाचाही नाही, नुसता भरीव. ॲम्प्लिफायर फाटेपर्यंत वाढवला तरी हे दोन सूर एकमेकांत घाण करत नाहीत. आणि १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' या तिसऱ्या रेकॉर्डवर त्याने काही गाण्यांसाठी गिटार सरळ तीन अर्धस्वर खाली उतरवली. हार्मोनियमच्या हिशोबाने पांढरी तीनची तार काळी एकवर आणली. तार सैल झाली की बोटाला कमी दुखतं. कारण मुळात एवढंच होतं. गीझर बटलरनेही बास तितकाच खाली घेतला. त्या सैल, जड तारांचा आवाज सातपुड्यातल्या होळीच्या मोठ्या ढोलासारखा छातीवर येतो, कानाला तो नंतर कळतो.

पुढे अमेरिकेत आणि युरोपात शेकडो बँडनी गिटारी खाली उतरवल्या. त्यांची बोटं शाबूत होती. त्यांना तो आवाज हवा होता.

माझं म्हणणं हेच आहे, श्रोतेहो. या बँडचा आवाज चांगल्या अर्थाने जेव्हा जेव्हा बदलला, तेव्हा मागे काही तरी अडलेलं होतं. बाजारात काय चाललंय ते बघून त्यांनी आवाज बदलला तेव्हा तो बसला नाही.

पहिली रेकॉर्ड १९६९ च्या ऑक्टोबरमध्ये एका दिवसात वाजवून झाली होती. जास्त दिवसांचे पैसेच नव्हते. क्लबात वाजवायचे तसं एका दमात वाजवलं आणि तो दम तिच्यात ऐकू येतो. १९७० च्या सप्टेंबरात आलेल्या 'पॅरॅनॉइड' या रेकॉर्डचं, त्याच नावाचं गाणं तर जागा भरायला काही मिनिटांत रचलं होतं. ती रेकॉर्ड इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेली. तिची सुरुवात ज्या गाण्याने होते ते 'वॉर पिग्ज' युद्ध पुकारणाऱ्या पुढाऱ्यांवर आहे. व्हिएतनामची लढाई चालू होती आणि बँडची बहुतेक गाणी लिहिणारा बटलर शब्द हातचे राखून लिहिणारा नव्हता. लोक म्हणतात भुताखेतांची गाणी. जरा शब्द ऐका, त्यात अणुबाँबचं भय आहे, व्यसनाचा विळखा आहे, गरिबाच्या पोराला लढाईवर धाडणारी माणसं आहेत.

१९७२ ची 'व्हॉल्यूम फोर' लॉस एंजेलिसला झाली. पैसा आला होता आणि कोकेनही आलं होतं. तिच्यात चक्क पियानोवरचं एक संथ गाणं आहे, ड्रम नाही, गिटारचा मारा नाही. १९७३ च्या 'सॅबथ ब्लडी सॅबथ'मध्ये सिंथेसायझर आला. हे प्रयोग मला आवडतात, कारण वजन गेलेलं नाही, फक्त त्याला उजेड मिळालाय. १९७५ च्या 'सॅबोटाज'च्या वेळी जुन्या व्यवस्थापकाशी कोर्टकचेरी चालू होती आणि तो संताप गाण्यात उतरलाय. पुढच्या दोन रेकॉर्डी, १९७६ आणि १९७८ च्या, ऐकल्या नाहीत तरी चालेल. चौघं थकले होते, दारू आणि नशेने ऑझी हाताबाहेर गेला होता. १९७९ मध्ये त्याला काढलं.

आणि इथे पुन्हा अडलं. गायक नाही, बाहेर नवी पोरं चढ्या लयीत वाजवू लागलेली. तेव्हा रॉनी जेम्स डिओ आला. ऑझी आणि डिओ यांतला फरक ज्याला ऐकू आला त्याला गायक आणि वाद्य यांचं नातं कळलं असं मी समजतो. ऑझी बऱ्याचदा गिटारच्या सुरांवरूनच चालतो. 'आयर्न मॅन' ऐका, गिटार जे वाजवते तेच तो गातो. डिओ गिटारला ओलांडून गातो. खाली गिटार एका जागी ठाण मांडून असते आणि वर हा मोकळा फिरतो. त्यामुळे आयोमीला गायकाखाली सुरांची बैठक बदलत न्यावी लागली, लय वाढवावी लागली. १९८० ची 'हेवन अँड हेल' त्यातून झाली. ऑझीशिवाय सॅबथ नाही असं म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी मी अजूनही तासन् तास भांडू शकतो.

१९८२ मध्ये डिओ गेला. त्यानंतर गायक येत गेले, ड्रमर बदलत गेले, कायम राहिला तो एकटा आयोमी. त्या काळातली टोनी मार्टिनने गायलेली १९८९ ची 'हेडलेस क्रॉस' लोकांनी अकारण दुर्लक्षिली. १९९५ ची 'फॉर्बिडन' मात्र त्या वेळच्या फॅशनला शरण गेली, आणि त्याची खूण तिच्या प्रत्येक गाण्यावर आहे.

१९९७ मध्ये जुने चौघं पुन्हा जमले. पण ऑझीबरोबर नवी पूर्ण रेकॉर्ड यायला २०१३ उजाडलं. नाव '१३'. आयोमीला त्याआधीच लसिकाग्रंथींचा कॅन्सर, लिम्फोमा, निघालेला होता, उपचार चालू असताना त्याने ही रेकॉर्ड वाजवली. इंग्लंडात ती पहिल्या क्रमांकावर गेली, 'पॅरॅनॉइड'नंतर जवळजवळ ४३ वर्षांनी. अमेरिकेत तर पहिल्यांदाच. मला तिच्यात एकच उणीव टोचते. कराराच्या अटींवर जमलं नाही म्हणून बिल वॉर्ड तिच्यात नाही. वॉर्ड जुन्या जॅझच्या ड्रमरांना ऐकत वाढलेला, त्याचा ठोका मात्रेच्या थोडा मागे रेंगाळतो आणि जड गाण्यालाही डोलायला लावतो. '१३'मधला ठोका सरळ आहे. गाणी उभी राहतात, डोलत नाहीत.

५ जुलै २०२५ ला चौघं शेवटचं एकत्र वाजले. जागा ॲस्टनमधलंच फुटबॉलचं मैदान, व्हिला पार्क. ऑझीला पार्किन्सन्सने चालता येत नव्हतं, त्याने सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायलं. वॉर्ड ड्रमवर होता. मेटॅलिकासारखे बँड त्या दिवशी त्यांची गाणी वाजवायला आले होते आणि कमाई पार्किन्सन्सवरच्या कामाला आणि मुलांच्या दवाखान्यांना द्यायची ठरली होती. २२ जुलैला ऑझी गेला. बर्मिंगहॅमच्या रस्त्यातून त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा पुढे ब्रास बँड त्याचीच गाणी वाजवत होता. लग्नापासून मिरवणुकीपर्यंत बँडवाल्यांशिवाय पान न हलणाऱ्या आपल्या खान्देशात हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही.

ज्यांना ऐकायचंय त्यांनी मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. खालचे सूर त्यातून निघतच नाहीत, नुसती करकर ऐकू येईल आणि तुम्ही म्हणाल हे काय. चांगले हेडफोन घ्या, नाहीतर घरात जुना डेक आणि मोठे बॉक्स असतील तर ते झटकून काढा. आधी 'मास्टर ऑफ रिअ‍ॅलिटी' लावा. मग 'पॅरॅनॉइड', मग 'हेवन अँड हेल'. पहिली रेकॉर्ड चौथ्या क्रमांकाला ठेवा, तोवर त्या तीव्र मध्यमाला तुमचा कान तयार झालेला असेल.

नमस्कार.