धरात की घरात

(दृश्य: नौपाड्यातली जुनी बिल्डिंग, दुसरा मजला. खालून रिक्षांचे हॉर्न.)

ही माझी आत्या. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं आणि आता पुस्तक समोर धरलं की तिला पानाच्या कडा दिसतात, मधलं दिसत नाही. वयामुळे होणारा मॅक्युलाचा आजार. म्हणजे नजरेच्या बरोब्बर मधे डाग आणि वाचायला नेमकी तीच मधली नजर लागते, त्यामुळे घरात ती आरामात फिरते, चहा टाकते, दूध उतू जायच्या आत गॅस बंद करते, पण पेपर हातात दिला की संपलं. नात्यातलेच लोक म्हणतात, हिला सोयीचं तेवढं दिसतं! असो.

(क्लोजअप: आत्याचे हात, काळं कार्डशीट.)

हे नीट बघा. काळ्या कार्डशीटचा तुकडा, मधे ब्लेडने कापलेली आडवी फट, दोन ओळी दिसतील एवढी. हा पानावर ठेवायचा आणि वाचून झालं की खाली सरकवायचा. बाकीच्या पांढऱ्या कागदाची चमक झाकली जाते, ओळ सुटत नाही. टेबल लॅम्प समोर नाही ठेवायचा, बाजूने पानावर उजेड पडेल असा ठेवायचा. आणि तिची नजर बघा कुठेय, शब्दावर नाहीये, जरा वर आहे. डाग बाजूला सरकवून कडेच्या नजरेने वाचायचं, हे शिकावं लागतं, पहिले काही दिवस डोकं दुखतं म्हणे. मोठ्या टायपातलं असं ती अजून वाचते. पण पानभर वाचलं की दमते. कादंबरी काय वाचणार अशी?

(दृश्य: तळमजला. खिडकीपाशी खुर्ची.)

खालच्या मजल्यावरच्या काकांचं बरोब्बर उलटं. नजर ठणठणीत, पण अर्धांगवायूने उजवी बाजू गेलीय आणि एका हातात जाड पुस्तक उघडं धरून बघा जरा, पानं मिटतातच. त्यांच्या घरी पोथी ठेवायचा तो फुलीसारखा लाकडी स्टँड होता, तो निघाला माळ्यावरून. पानाला दोन बाजूंनी कपड्याचे चिमटे, आणि पान उलटायला खोडरबरवाली पेन्सिल, रबर कागदाला धरतं म्हणून. काकूंनी काढलेली आयडिया आहे ही, आपण शंभर टक्के मार्क दिले.

काकांना वाटायचं, अंधांसाठीच्या सोयी आपल्याला कुठे लागू. लागू आहेत. २०१३ मधे मोरोक्कोतल्या माराकेश शहरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात अंध आणि कमी दिसणारे तर आहेतच, पण ज्यांना पुस्तक हातात धरता येत नाही, पान उलटता येत नाही तेही आहेत. हा करार सगळ्यात आधी मान्य केला भारताने, २०१४ मधे. त्याच्याही आधी, २०१२ मधे आपल्या कॉपीराइट कायद्यात बदल झाला, की अशा माणसासाठी पुस्तक त्याला वाचता येईल अशा रूपात आणता येतं, धंदा करायचा नाही एवढंच. अशाच वाचकांसाठी सुगम्य पुस्तकालय नावाची ऑनलाइन लायब्ररी २०१६ पासून आहे.

मग अडलंय कुठे? सांगतो.

(दृश्य: आत्याच्या हातात मोबाइल.)

फोन मराठी वाचतो, मस्त वाचतो. स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर असतं, अँड्रॉइडमधे टॉकबॅक, कॉम्प्युटरवर एनव्हीडीए फुकट मिळतं. आत्याने पहिल्याच दिवशी त्याची चूक काढली. 'जग' म्हणजे दुनिया असेल तर जिवणी फाकवून म्हणायचं, आणि 'शंभर वर्षं जग' मधलं असेल तर जीभ दातांना लावून. लिहायचं एकच, म्हणायचं वेगळं. फोनला ते कळेना, आणि ही त्याला वर्गातल्या पोरासारखी परत म्हण म्हणाली.

पण खरी गोची फाइलची. एका दिवाळी अंकाची जुनी पीडीएफ उघडली, स्क्रीनवर सुंदर मराठी अक्षरं, आणि फोन बोलायला लागला तर इंग्रजी एबीसीडीची भेळ. कारण असं, युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला मशीनसाठी स्वतःचा ठरलेला नंबर, तो सगळीकडे रुळायच्या आधीच्या फॉन्टमधे इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं फक्त चित्र बसवलेलं असायचं. डोळ्याला 'म' दिसतो, मशीनला भलतंच चिन्ह. अशा अंकांचे, पुस्तकांचे ढीग पडलेत. आणि स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे तर नुसता फोटोच, त्यात मशीनला वाचण्यासारखं अक्षरच नाही. माझं मत विचाराल तर आत्याच्या डोळ्यांनी तिला जेवढं अडवलं नाही तेवढं या फाइलींनी अडवलं, कारण डोळ्यांचं तिने कसंतरी जमवलं होतं.

(दृश्य: रात्र. टेबलावर उघडं पुस्तक, वर स्टँडला फोन.)

ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, आत्या त्याची जुनी मेंबर. तिथून पुस्तक आणायचं, रोज रात्री वीस पानांचे फोटो काढायचे, फोनमधल्या ओसीआरने फोटोतली अक्षरं टेक्स्ट करून घ्यायची. पान सपाट पाहिजे, सावली पडली की गडबड. आणि घ चा ध होतो, भ चा म होतो, मग ते हाताने दुरुस्त करत बसायचं. मला कंटाळा येतो, खोटं कशाला बोलू.

एकदा तसंच न तपासता दिलं. फोन म्हणाला, 'तो धरात शिरला आणि मिंतीला टेकून बसला.'

आत्या डोळे मिटून ऐकत होती. हसली. म्हणाली, "घरात रे, भिंतीला. शुद्धलेखनात नापास. चल, पुढचं पान लाव."