उदमांजराची निवड

सुमात्रा आणि जावा या इंडोनेशियाच्या बेटांवर कॉफीच्या मळ्यांत रात्री हिंडणारा हा प्राणी आपल्याला अगदीच परका नाही. कोकणात घराच्या माळ्यावर आणि नारळी-पोफळीच्या बागांत वावरणाऱ्या उदमांजराचा हा जवळचा भाऊबंद असून तिकडे त्याला लुवाक म्हणतात. त्याच्या विष्ठेतून वेचलेल्या बियांपासून तयार होणारी ‘कोपी लुवाक’ जगातील सर्वांत महागड्या कॉफींमध्ये गणली जाते आणि तिच्या एका किलोसाठी शेकडो डॉलर मोजले जातात.

या कॉफीचा उगम मात्र टंचाईतला आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस डचांनी मलबार किनाऱ्यावरून कॉफी जावात नेली. पुढे १८३० पासून त्यांनी सक्तीच्या लागवडीची पद्धत आणली आणि गावकऱ्यांना आपल्या जमिनीचा काही भाग सरकारला हव्या त्या पिकांसाठी राखून ठेवणे भाग पडले. स्वतः पिकवलेली कॉफी तोडून घेण्याची मुभा नसलेल्या मळेकामगारांनी लुवाकाच्या विष्ठेतील अखंड बिया गोळा केल्या, धुतल्या, भाजल्या आणि त्यांचीच कॉफी करून प्यायली, असे सांगितले जाते. आज श्रीमंतांच्या टेबलावर मिरवणाऱ्या या पेयाच्या मुळाशी अशी माणसे आहेत, याचा विसर पडू नये.

लुवाक फळांचा जाणकार असतो. तीक्ष्ण घ्राणेंद्रियाच्या मदतीने तो नेमकी पिकलेली, गोड फळे हेरतो. त्यांचा गर त्याच्या पोटात पचतो, पण टणक आवरणातील बी सहीसलामत बाहेर पडते. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे अन्नशास्त्रज्ञ मासिमो मार्कोने यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या बियांच्या पृष्ठभागावर सूक्ष्म खळगे आढळले, तसेच पाचकरसांनी बियांच्या आत शिरून तेथील काही प्रथिनांचे विघटन केल्याचेही दिसले. भाजताना कडवटपणा निर्माण होण्यात प्रथिनांचा वाटा असल्याने ही कॉफी कमी कडू लागते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. तरीही आमच्या मते, पाचकरसांइतकेच महत्त्व त्या आधीच्या निवडीला आहे.

ब्रिटिश कॉफी व्यापारी टोनी वाइल्ड यांनी १९९१ मध्ये यातील अवघी एक किलो कॉफी ब्रिटनमध्ये आणली. त्यानंतर मागणी इतकी वाढली की रानात विष्ठा शोधत फिरण्याऐवजी उदमांजरे पकडून पिंजऱ्यात कोंडली जाऊ लागली. एकट्याने राहणारा, निशाचर, फळांबरोबर किडे आणि लहान प्राणीही खाणारा हा जीव तारेच्या जाळीवर उभा राहून समोर टाकलेली कॉफीची फळे खाऊ लागला आणि त्याची निवड संपली. ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि ‘वर्ल्ड ॲनिमल प्रोटेक्शन’ या संस्थेच्या संशोधकांनी बालीतील १६ मळ्यांवरील ४८ उदमांजरांची पाहणी करून २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. प्राणिकल्याणाच्या मूलभूत निकषांवर त्यांतील एकही मळा उतरला नाही. स्वतः वाइल्ड यांनीही २०१३ मध्ये या व्यापाराविरुद्ध मोहीम उघडली.

बालीला जाणाऱ्या मराठी पर्यटकांनाही सहलीत अशा मळ्यांवर नेले जाते, जिथे चव घेण्याच्या जागेजवळच दिवसाउजेडी ताटकळणारे उदमांजर पिंजऱ्यात दिसते. पुड्यावर ‘रानातली’ असे छापलेले असले, तरी बी मोकळ्या प्राण्याकडून आली की कोंडलेल्या, हे ग्राहकाला पुडा पाहून कळण्याचा मार्ग नाही.

ब्राझीलच्या एस्पिरितो सान्तो राज्यातील कामोसिम मळ्याने वेगळी वाट धरली. तेथे जाकू नावाचे रानपक्षी कॉफीची फळे फस्त करतात म्हणून आधी त्रासदायक ठरले होते. मालक एन्रिक स्लोपर यांनी त्यांना हुसकावण्याचा नाद सोडून त्यांची विष्ठा गोळा करायला सुरुवात केली. हे पक्षी आजही भोवतालच्या झाडीतून मळ्यात येतात आणि पिकलेली फळे स्वतः निवडून खातात.