जुना हाफ-प्लेट कॅमेरा: पॉलिश सगळ्यात शेवटी

नमस्कार. आज टेबलावर आहे केरळात, अलप्पुळात बनलेला वागीश्वरी. हाफ-प्लेट, म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंच. लाकूड मळलंय, पितळ काळवंडलंय, त्यामुळे हात आधी पॉलिशकडेच जातो. थांबा. मळक्या कॅमेऱ्यातून फोटो येतो, गळक्या कॅमेऱ्यातून येत नाही.

म्हणून आधी भाता, म्हणजे भिंग आणि मागची काच यांच्यामधली चामड्याच्या घड्यांची नळी. प्रकाश गळतो तो इथून. अंधाऱ्या खोलीत पूर्ण ताणा, आत मोबाईलचा टॉर्च ठेवा. डोळे अंधाराला सरावले की कोपरे बघा. चामडं तिथे दोन्हीकडून दुमडतं, म्हणून भोकं तिथेच पडतात.

(क्लोज-अप: कोपऱ्याची घडी)

टाचणीएवढ्या भोकाला काळ्या ॲक्रिलिक रंगाचे दोन-तीन पातळ थर, आणि भाता ताणलेलाच ठेवून सुकवायचा, नाहीतर घड्या चिकटतात. जाड चिकटपट्टी नको. भाता नीट मिटत नाही, आणि जोर लावला की शेजारची घडी फाटते.

आता खरी मेख: ग्राउंड ग्लास, म्हणजे जिच्यावर चित्र बघून फोकस करतो ती मागची खरखरीत काच. फुटली असेल तर दोन मिलिमीटरच्या साध्या काचेवर ४०० नंबरची सिलिकॉन कार्बाइड पूड आणि थोडं पाणी घ्या, काचेच्या छोट्या तुकड्याने गोल गोल घासा. मग ६००. खरखरीत बाजू भिंगाकडे! उलटी बसवली तर फोकस साधारण १.३ मिलिमीटरने चुकतो.

(क्लोज-अप: व्हर्नियर, बारीक मापाची पट्टी)

कॅमेऱ्यात होल्डर, म्हणजे फिल्म ठेवायची चपटी पेटी, जिथे टेकतो, तिथपासून काचेच्या खरखरीत बाजूपर्यंत मोजा. मग होल्डरच्या टेकणाऱ्या कडेपासून फिल्मपर्यंत. फरक ०.२ मिलिमीटरच्या आत हवा. डोळ्यांवर फोकस केला आणि फोटोत नाकाचा शेंडा स्पष्ट आला, तर काच भिंगाच्या जास्त जवळ आहे. तिच्या खाचेत कागदाच्या पट्ट्या घाला. झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर. कान स्पष्ट आले तर उलटं: खाच खरवडावी लागते, ते सुताराकडून करून घ्या.

हे होल्डर काचेच्या प्लेटसाठी बनलेले. नुसती फिल्म आत सैल पडते, म्हणून मागे प्लेटच्या जाडीचं काळं कार्ड द्या. स्वस्तात शिकायचं तर आठ बाय दहाची हिरव्या प्रकाशाला संवेदनशील एक्स-रे फिल्म घ्या, एका शीटचे दोन तुकडे होतात. लाल दिव्यात डेव्हलप होते, पण इमल्शन, म्हणजे प्रकाश टिपणारा थर, दोन्ही बाजूंना, ओरखडे लगेच पडतात, त्यामुळे ट्रेमध्ये एका वेळी एकच.

जुन्या पितळी भिंगाला शटर नसतं, टोपी काढायची आणि घालायची. फिल्मची संवेदनशीलता ५० आयएसओ धरली तर मोकळ्या सावलीत एफ/३२ ला, म्हणजे भिंगाचं छिद्र बारीक ठेवून, साधारण एक सेकंद. जवळून काढताना भाता लांबतो, तेव्हा लांबीला भिंगाच्या फोकल लेंग्थने (दूरवर फोकस असतानाच्या लांबीने) भागून वर्ग करा, वेळ तितक्या पट: २१० मिलिमीटरचं भिंग ३०० वर गेलं, तर वेळ दुप्पट.

आणि हो, पॉलिश! पितळ सोडवून वेगळं घासा, पॉलिशची पूड लाकडाच्या रेषांत पांढरी अडकते. लाकडाला सँडपेपर नाही. आधी आडबाजूला स्पिरिटचा बोळा लावा. चिकट झालं तर जुनं लाखेचं पॉलिश आहे, वर लाखेचाच पातळ हात पुरतो.