गेटवर येईल ती गाडी

नमस्कार मंडळी. समोर ट्रान्सपोर्टवाले बसलेत, ड्रायव्हर दादा आहेत, आणि मागच्या रांगेत काही तरुण मुलं दिसतायत. हायवेला घरची जागा आहे, तिथं ट्रक धुण्याचं ऑटोमॅटिक वॉशिंग सेंटर टाकायचं मनात आहे, अशी ही मुलं. आज मी मुख्यतः त्यांच्याशी बोलणार आहे. आत येतानाच त्यांच्यातल्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला, ‘ताई, मशीन कुठलं घ्यायचं?’ उत्तर देते, पण तो प्रश्न तिसऱ्या नंबरचा आहे. त्याच्या आधी गेटवर कोण उभं करायचं ते ठरवा, आणि त्याच्याही आधी जमिनीखालचा खड्डा, म्हणजे धुण्याचं पाणी निवळून परत वापरायचे कप्पे.

बोलायला लागण्यापूर्वी एक काम करते. या टेबलावर काचेच्या दोन बाटल्या आहेत. दोन्हींत काल आमच्याकडे धुतलेल्या गाड्यांचं पाणी आहे. रात्रभर नुसतं ठेवलेलं, तरी अजून चहाच्या रंगाचं. एका बाटलीत मी चिमूटभर तुरटी टाकते, हलवते, आणि ठेवून देते. दुसरीला हात लावत नाही. थोड्या वेळानं बघू.

आमचं सेंटर पुणे-सोलापूर रस्त्यावर, मोहोळजवळ. हा ६५ नंबरचा हायवे पुण्याहून निघतो आणि हैदराबाद करत थेट मच्छलीपट्टणमला समुद्राला भिडतो. त्यामुळे आमच्या गेटवर काय येत नाही ते विचारा. वाडी-चित्तापूरकडचं सिमेंट येतं. राखेचे बल्कर, म्हणजे सुट्या भुकटीचे बंद टँकर येतात. हंगामात मळीचे टँकर, उसाच्या गाड्या, सोलापूरच्या बाजारात कांदा उतरवून परत निघालेले ट्रक. आंध्रची बर्फातली मासळी येते, कोंबड्यांच्या जाळीच्या गाड्या येतात, आणि ज्वारीची काढणी झाली की कडब्यानं दोन्ही बाजूंनी फुगलेले ट्रक. एखाद्या कंपनीच्या यार्डात स्वतःच्या पन्नास गाड्या धुणं सोपं असतं. पन्नास गाड्या, एकच माल, एकच घाण. आपण बोर्डावर ‘सर्व गाड्यांसाठी खुले’ असं लिहितो, त्या क्षणी अनोळखी घाणीची जबाबदारी घेतो. या धंद्याची सगळी अवघड बाजू त्या ‘सर्व’मध्ये आहे.

म्हणून गेटवरचा माणूस. आमच्याकडे तो दोन प्रश्न विचारल्याशिवाय साखळी सोडत नाही. आधीचा माल काय होता? आणि इथून कुठं भरायला निघालात? दुसरा प्रश्न नवीन मुलांच्या लक्षात येत नाही. गाडी पुढं साखर किंवा सिमेंटची पोती भरायला चालली असेल आणि आपण हौद्यात पाणी मारलं, तर खालच्या थराची पोती भिजलीच म्हणून समजा. अशा गाडीचा हौदा आम्ही झाडून आणि हवेनं साफ करतो, पाणी फक्त बाहेरून.

पहिल्या प्रश्नाची किंमत मी मोजली आहे. सुरुवातीच्या दिवसांत एक सिमेंटचा बल्कर आला. ड्रायव्हर म्हणाला, गाडी खाली आहे. खालीच होती. पण वरच्या झाकणांभोवती आणि चासीवर बोटभर सिमेंट साचलेलं होतं. ते सगळं धुऊन खड्ड्यात गेलं. सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं हे रसायनशास्त्र शिकलेल्या मला माहीत होतं, पण गाडी समोर उभी असताना सुचलं नाही. दोन दिवसांनी पहिल्या कप्प्याच्या तळाशी फरशी तयार झाली होती आणि पुढं जाणारा पाइप दगडासारखा बुजला होता. छिन्नी-हातोडा घेऊन फोडावा लागला, आणि तेवढे दिवस सेंटर बंद. आता सिमेंटच्या गाडीला आधी कोरडी झाडणी, मग हवेचा झोत, आणि तिचं पाणी वेगळ्या छोट्या टाकीत. ते पाणी इतकं क्षारधर्मी असतं की हाताची कातडी सोलते. हातमोज्यांशिवाय कोणी हात घालायचा नाही.

मासळीच्या गाडीचं पाणी दिसायला स्वच्छ असतं, पण त्यातलं रक्त आणि चिकटा खड्ड्यात सडतो. कोंबड्यांच्या गाड्यांसाठी आम्ही शेवटी निर्जंतुकाची फवारणी ठेवली आहे. २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला, लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. रोग चाकांवरून आणि जाळ्यांवरून फार्मापर्यंत जातो. मधल्या वाटेवर आपण उभे आहोत, तर तेवढं आपल्या हातून झालंच पाहिजे.

आता खड्डा. आधी पाण्याचा हिशेब सांगते, कारण ‘ऑटोमॅटिकमध्ये पाणी वाचतं’ असं सगळे म्हणतात. आमच्या जुन्या पाइपाखाली मी एकदा २० लिटरची बादली धरली. ४५ सेकंदांत भरली. दहा टायर गाडी हातानं धुवायला ४० मिनिटं लागायची. म्हणजे त्रेपन्न बादल्या, हजार लिटरच्या वर. आज मशीनमधूनही एका गाडीला जवळपास तेवढंच पाणी जातं. फरक एवढाच, की पूर्वी ते रस्त्याकडेच्या चरातून वाहून जायचं आणि आता त्यातलं बहुतेक खड्ड्यातून परत वर येतं. ताजं पाणी फक्त शेवटच्या धुण्याला. मशीन पाणी वाचवत नाही, खड्डा वाचवतो. ज्याच्याकडे खड्डा नाही त्याचं मशीन फक्त लवकर पाणी सांडतं.

२०२४ चा उन्हाळा आठवा. उजनी उणे साठ्यात गेली होती, आणि आमच्या गेटसमोरून पिण्याच्या पाण्याचे टँकर गावांकडे जात होते. त्याच उन्हाळ्यात बंगळुरूत पिण्याच्या पाण्यानं गाडी धुतली तर ५,००० रुपये दंड लागला होता. आपल्याकडे दंड नव्हता. पण डोक्यावर घागर घेतलेली बाई रस्ता ओलांडताना आपल्या सेंटरकडे बघते तेव्हा काय वाटतं, ते मी अनुभवलं आहे. परत वापरलेलं पाणी नसतं तर मी स्वतःच शटर खाली ओढलं असतं.

खड्ड्याचं काम समजायला सोपं आहे. पहिल्या कप्प्यात पाण्याचा वेग मोडतो, वाळू-खडी तिथंच बसते. दुसऱ्यात बारीक गाळ. तिसऱ्यात तेल वर तरंगतं, आणि पुढं जाणारा पाइप पाण्याच्या मधून उचलतो, म्हणजे तेलही मागं राहतं आणि गाळही. चौथ्यातून पाणी फिल्टरकडे. अडचण कुठं येते? बारीक कणात. कण निम्म्या आकाराचा झाला की तळाला जायला चौपट वेळ लागतो. आणि आपली काळी माती तर इतकी बारीक की आठवडाभर ठेवा, बसत नाही. तिच्या कणांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो, त्यामुळे कण एकमेकांना दूर ढकलत राहतात. तुरटी तो भार मोडते, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि खाली बसतात. पावसाळ्यात गढूळ पाण्याच्या हंड्यात आजी तुरटीचा खडा फिरवायची, ते हेच. आम्ही रोज सकाळी बाटल्यांमध्ये कमी-जास्त तुरटी टाकून बघतो आणि त्या दिवसाचा डोस ठरवतो. पावसाळ्यात वाढतो, ऊस संपला की उतरतो.

दुसरी अडचण साबणाची. विक्रेता येतो, फेस दाखवतो. जो साबण तेलाला पाण्यात पक्का मिसळून टाकतो, तो गाडीवर छान दिसतो, पण खड्ड्यात तेल सुटतच नाही, दुधासारखं पाणी होतं. धुवून झाल्यावर तेल सोडून देणारा साबण मागा. चहाच्या ग्लासात तेलाचे चार थेंब आणि साबण घालून ढवळा, अर्ध्या तासानं तेल वर आलं तर घ्या. आणि ‘टँकर आरशासारखा चमकेल’ म्हणून ॲसिडचे डबे घेऊन येणारे भेटतील. त्यांतल्या काहींत हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा त्याचे क्षार असतात. ते अंगावर पडलं तर लगेच दुखतही नाही, पण आत हाडापर्यंत जातं. ज्या डब्यावर आत काय आहे ते छापलेलं नाही, तो डबा आमच्या गेटाच्या आत येत नाही. पोरांचे हात चमकीपेक्षा महाग आहेत.

आणि आता मी जे सांगते ते कृपा करून लिहून घ्या. खड्ड्यातलं पाणी दोन दिवस निपचित पडलं की त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड. थोडा असतो तेव्हा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. माणसाला वाटतं गेला वास, आणि तो आत उतरतो. उतरलेला पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. अशा बातम्या आपण किती वेळा वाचल्यात. आमच्याकडे खड्ड्यात माणूस उतरत नाही. गाळ पंपानं आणि सक्शन टँकरनं निघतो. सुट्टीच्या दिवशीही ब्लोअर चालू, म्हणजे पाण्यात हवा राहते आणि सडणं सुरूच होत नाही. खड्डा बांधतानाच असा बांधा की आत उतरायची वेळ येऊ नये. तळ उतरता ठेवा, झाकणं रुंद ठेवा, पंपाचा पाइप कोपऱ्यापर्यंत पोचू द्या.

परवानग्यांचं थोडक्यात. १९७४ च्या जल कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, उभारायची वेगळी आणि चालवायची वेगळी. नाल्यात पाणी सोडायची वेळ आलीच तर तेल-ग्रीस लिटरमागं १० मिलिग्रॅमच्या आत, आणि सामू, म्हणजे पीएच, ५.५ ते ९. तेलकट गाळ हा धोकादायक कचरा धरला जातो. शेताच्या बांधावर टाकून चालत नाही, तो अधिकृत ठिकाणीच द्यावा लागतो. रांजणगावला तशी सोय आहे.

आता मशीन. आम्ही आधी ब्रशचं घेतलं. तीन मोठे ब्रश, गाडी उभी, मशीन रुळावरून मागं-पुढं. कंटेनरला आणि टँकरला झकास. पण आपला ट्रक म्हणजे नुसती पेटी नसते. दोर असतात, ताडपत्रीचे कोपरे असतात, आरशांना गोंडे, बंपरला लिंबू-मिरची, मागं जुनी चप्पल. तिसऱ्याच दिवशी एका गाडीच्या आरशाला नजर लागू नये म्हणून बांधलेली काळी वेणी ब्रशात गुंडाळली, मशीन थांबेपर्यंत आरशाची दांडीही वाकली. आरशाचे पैसे मी तिथल्या तिथं दिले. पण तो दादा तुटलेली वेणी हातात घेऊन म्हणाला, ‘ताई, आरसा मिळतो हो. ही आईनं बांधलेली होती.’ मी हात जोडले. दुसरं काय करणार.

त्या दिवसानंतर खुल्या बॉडीच्या गाडीला ब्रश लागत नाही. तिला नोझल लावलेल्या कमानीतून फक्त दाबाचं पाणी. आधी साबण खालून वर, म्हणजे ओघळाचे डाग पडत नाहीत. थोडं थांबायचं, साबणाला काम करू द्यायचं, पण उन्हात वाळू द्यायचा नाही. मग धुणं. खालून चासीला वेगळे नोझल. क्लीनरनं स्वतः गोंडे, दोर आवरून बांधायचे, आमचा माणूस त्यांना हात लावत नाही. तेव्हा मुलांनो, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे: ब्रश बंद करून नुसत्या पाण्यावर चालवता येईल असं मशीन घ्या. कमान नियमातल्या मापावर बेतू नका. नियमात ट्रकची रुंदी २.६ मीटर आणि २०२० पासून उंची ४ मीटर आहे, कंटेनरचा ट्रेलर त्याहूनही उंच जातो, आणि कडब्याची गाडी कुठलाच नियम वाचत नाही. कमानीच्या वीस पावलं आधी लोंबत्या साखळ्यांचा आडवा बार लावा. साखळी वाजली की गाडी मागं.

बीएस-सहाच्या, म्हणजे धुराच्या नव्या नियमांच्या गाड्यांत सेन्सर आणि वायरिंग फार आहे. इंजिनच्या बाजूला, हवेच्या फिल्टरच्या तोंडावर, युरियाच्या टाकीच्या झाकणावर थेट दाब नको. दाबाच्या पाण्यानं स्प्रिंगच्या पाट्यांतलं, चाक वळतं त्या किंगपिनमधलं ग्रीस निघून जातं, म्हणून धुण्यामागं ग्रीस मारणं आलंच. ते आम्ही दरातच धरतो. आणि एक गोष्ट आमच्या पोरांनी स्वतःहून सुरू केली: गाडी बाहेर पडताना मागचे दिवे आणि परावर्तक पट्टी फडक्यानं हातानं पुसायची. मशीनच्या धुण्यात त्यावरचा तेलाचा पापुद्रा राहतो. हंगामात या रस्त्यावर रात्री उसाच्या ट्रॉल्या असतात, ट्रक कडेला उभे असतात. मागून येणाऱ्याला ती पट्टी वेळेवर दिसली पाहिजे.

ड्रायव्हर दादांसाठी. दर टायरवर आहे, बोर्डावर लिहिलेला, आणि पावती प्रत्येकाला. मालकाच्या खर्चीतून पैसे जातात, पावती नसेल तर ते तुमच्या पगारातून कापले जातात, हे मला माहीत आहे. गाडी कमानीत दहा मिनिटं असते. तेवढ्यात अंघोळ होते, म्हणून शेजारी दोन न्हाणीघरं बांधली आहेत. गरम पाणी आहे, पैसे नाहीत.

बरं, या बाटल्या बघा. जिला हात लावला नव्हता ती तशीच, चहा. तुरटीच्या बाटलीत तळाशी बोटभर गाळ बसलाय आणि वरून पलीकडचा माईक दिसतोय. अजून किंचित धुरकट आहे, तेवढ्यासाठी पुढं वाळूचा फिल्टर लावावा लागतो. मागच्या मुलांनी इकडे या, हातात घेऊन बघा. पण हलवू नका.