सोनारांच्या घाटावरचा खून

ही सीन नदी. पॅरिसच्या मधोमध असलेलं सीते बेट, आणि काठाला लागून ही दगडी इमारत. पत्ता, ३६, के दे ऑर्फेव्र. म्हणजे सोनारांचा घाट. फ्रेंच माणसाला मात्र या नावानं पोलीसच आठवतात. गुन्हे तपासाचं मुख्यालय इथंच होतं. २०१७ मध्ये बहुतेक विभाग पॅरिसच्याच बातिन्योल भागात हलले.

फ्रेंच दिग्दर्शक आँरी-जॉर्ज क्लूझोनं १९४७ साली हेच नाव आपल्या सिनेमाला दिलं.

त्याआधी तो घरी बसून होता. जर्मन अंमलात, जर्मन पैशावर चालणाऱ्या कंपनीसाठी त्यानं १९४३ मध्ये ‘ल कॉर्बो’ केला होता: निनावी पत्रांनी पोखरलेल्या गावाची गोष्ट. फ्रान्स मुक्त झाल्यावर त्याच्यावर सिनेमे करायला आजन्म बंदी आली, मग ती दोन वर्षांवर आली. परतताना त्यानं स्तानिस्लास-आंद्रे स्टीमनची एक रहस्यकथा निवडली. पण पुस्तक बाजारात मिळेना. लेखकाकडे प्रत मागितली. ती हाती पडेपर्यंत क्लूझो आणि जाँ फेरी यांची पटकथा आठवणीवरच बरीच पुढे गेली होती. फार बरं झालं! खुनाचं कोडं मागे पडलं, माणसं पुढे आली.

ही जेनी लामूर, गाणारी. हा मॉरिस, पियानोवर तिला साथ करणारा संशयी नवरा. ही डोरा, फोटोग्राफर. ब्रिन्यों नावाचा लंपट म्हातारा मरतो आणि तिघंही एकमेकांना वाचवायला खोटं बोलतात.

आता पोलिसांची कचेरी पाहा. शेगडी, कोंदट खोली, हिवाळ्याचे जाड कोट. इन्स्पेक्टर आंतवान गळ्यातला मफलरही काढत नाही. वसाहतीतली नोकरी संपवून आलेला, लहान मुलाला एकट्यानं वाढवणारा, थकलेला नोकरदार. आमच्या लेखी सिनेमाचा जीव या कचेरीत आहे.

आंतवान झालेत लुई जुव्हे, ब्रिन्यों झालेत शार्ल दुलँ. दोघेही फ्रेंच रंगभूमीचे दिग्गज, तरुणपणी एकाच नाटकमंडळीत वाढलेले. इथं एक दुसऱ्याच्या खुनाचा तपास करतो.

खुनी सापडतो. व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सिनेमाला दिग्दर्शनाचं पारितोषिक मिळतं.

पण त्याआधी ही नाताळची रात्र. कोठडीत मॉरिसनं मनगट कापून घेतलंय. रक्ताचा ओघळ शेजारच्या कोठडीकडे सरकतोय.